मावशीच्या ओच्यातली लोंबी

सरूमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत भाताच्या नमुन्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. रडू यायच्या आधी मनात आलं, तिनं कोणाकोणाला बियाणं दिलंय हे आता कोणाला विचारू? माझी मलाच लाज वाटली, पण आलं ते हेच.

मावशी आईची थोरली बहीण. मावळात नवलाख उंबरे गावाच्या पलीकडे तिची भाताची तीन खाचरं, त्यात आंबेमोहर. कापणीआधी ती एकटीच खाचरात उतरायची, भरलेल्या लोंब्या निवडायची आणि पेंढी बांधून चुलीवर टांगायची. धुरामुळे कीड लागत नाही. तेच पुढच्या वर्षीचं बियाणं. चांगली लोंबी दिसली की शेत कुणाचं का असेना, मावशीचा हात पुढे जायचाच आणि लोंबी लुगड्याच्या ओच्यात. आम्ही तिला चोर म्हणून चिडवायचो.

तीन वर्षांपूर्वी तिच्या गावाजवळ जनुकीय बदल केलेल्या भाताची चाचणी झाली. देखरेखीला मी होते. कापणीला बायका कमी पडल्या, म्हणून मीच मावशीला बोलावलं. त्या भाताला अजून परवानगी नव्हती. एकही दाणा कुंपणाबाहेर जायचा नाही, उरलेलं सगळं जाळायचं, हे मी सगळ्यांना बजावलं. संध्याकाळी पिशव्या तपासल्या, डबे तपासले. मावशीचा ओचा नाही तपासला... सख्ख्या मावशीचा ओचा कोण तपासतं?

शेवटच्या भेटीत, दवाखान्यात, तिनं आपणहून सांगितलं. "तुज्या कुंपनातली येक लोंबी आनली व्हती म्या. लय भरल्याली. जाळायची म्हनं! जीव झाला न्हाई."

"कुठाय ती?"

"कुटं म्हंजी? बियान्यात. कवाच मिसळली."

"अगं, त्याची तपासणी पुरी झाली नव्हती. त्यानं काय होईल, मलाही माहीत नाही."

"तुलाबी?" ती एकदम घाबरली. "मंग माजं बियानं जाळशीला व्हय?"

मी तिचा हात धरून बसले.

तिचं बियाणं दरवर्षी पाच-सहा घरी जायचं. तो भात वाईटच असेल असं मी म्हणत नाही, पण ठाऊक नाही म्हणूनच तर कुंपण घातलं होतं. तेरावं झाल्यावर मी प्रयोगशाळेतल्या साहेबांना सगळं सांगितलं. सोमवारी माणसं येऊन घरोघरचं बियाणं ताब्यात घेतील. मावशीनं चाळीस वर्षं जपलेला आंबेमोहर त्यात जाईल. मावसभाऊ माझ्याशी बोलायचा थांबलाय.

काल मीच जाऊन चुलीवरची पेंढी उतरवली. गोणीत भरली, तोंड शिवलं, वर चिठ्ठी लावली. परतताना एसटीत तिकिटासाठी पर्समध्ये हात घातला, तर बोटांना लोंबी लागली. भरलेली. कधी टाकली, देवाशपथ आठवत नाही... सोमवारी ती द्यायचीच आहे. तोवर मी ती स्वयंपाकघरात, गॅसच्या वरच्या खिळ्याला टांगली आहे.