आप्पांनी समद्या चित्रांवर खूण केली

मंडळी, मी हितं सुरतेला कामावर आन दुपारी भोरवरनं ताईंचा फोन. ताई कापड, लोकर, माती चिकटवून चित्रं करतात, आन गावोगावच्या लोकांची चित्रं जमवून प्रदर्शन भरवतात. मेंढरं इकल्यापासनं घरात बसलेले आमचे आप्पा त्यांच्यामुळंच बाहेर पडले. आज भोरच्या प्रदर्शनात चित्रांची राखण आप्पांकडं होती.

हरवू नयेत म्हणून आप्पांनी मेंढरांना करायचे तशी गेरूची खूण समद्या चित्रांवर केली.

चित्रंवाले लई चिडलेत. ताई म्हणल्या, "भाऊ, आप्पांना खुणा पुसायला तुमीच सांगा. मी बोलले तर ते परत यायचे न्हाईत."

आप्पांना फोन लावला. म्हणले, "राखायला दिली न्हवं? मग खूण नको व्हय?"

लई दिसांनी त्यांचा आवाज असा खणखणीत ऐकला. मी नुसतं "व्हय" म्हणलो. 'पुसायला सांगितलं का?' म्हणून इचारणाऱ्या ताईंनाबी "व्हय"च म्हणलोय.

तुमी काय केलं असतं?