पाण्याची पाळी आणि कंपनीचा पेंढा

लक्ष्मणराव गाडीवरून उतरले की आधी बैलांच्या पाठीवर थाप मारायचे आणि मग मला रामराम घालायचे. हा क्रम त्यांनी कधी बदलला नाही, आणि बदलायचं कारणही नव्हतं. बैल निदान काम करत होते.

छप्पन साली मी पिंपरीला एका काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात खरेदी कारकून होतो, तोही हंगामी. बाटल्या फुटू नयेत म्हणून खोक्यांत भाताचा पेंढा भरायचे. हा पेंढा विकत घेणं हे माझं राष्ट्रकार्य. मावळातले दोघे जण तो पुरवायचे, लक्ष्मणराव आणि त्यांचे चुलतभाऊ अर्जुनराव. दोघांची विहीर सामाईक होती आणि पाण्यावरून वैर जुनं होतं. लक्ष्मणराव भावाचं नाव तोंडानं घेत नसत, ‘पलीकडचा’ म्हणत. दर महिन्याला दोघांची बंद पाकिटं यायची आणि पलीकडच्याला खाली पाडायचं म्हणून दोघेही भाव इतका कमी लिहायचे की मलाच लाज वाटावी. मला वाटायची नाही. कंपनीला पेंढा स्वस्त मिळतो तो माझ्या घासाघिशीमुळं, असा माझा पक्का समज होता.

लक्ष्मणराव माणूस सरळ. एकदा निम्म्या वाटेतून स्वतःचीच गाडी त्यांनी माघारी नेली, कारण पेंढ्याला खालून ओल लागली होती. मूलबाळ नव्हतं. एकदा वजनकाट्यापाशी बसले असता मला म्हणाले, "आमची मालकीण गेली तवा पलीकडचा बांधावर उभा ऱ्हायला. आत आला न्हाई."

"तुम्ही या म्हणालात?"

"न्हाई."

एवढंच बोलून ते बैलांना पाणी दाखवायला गेले. मला मात्र फार वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की मी काहीतरी करून बसतो.

संक्रांतीला मी दोघांनाही चिंचवडच्या आमच्या खोलीवर बोलावलं, एकमेकांना पत्ता लागू न देता. दोघे समोरासमोर आले आणि भिंतीकडं तोंड करून बसले. मग मी बोललो. बंधुभावावर बोललो, नव्या भारतावर बोललो. शेवटी कुसुम, म्हणजे आमची मंडळी, आतून म्हणाली, "अहो, भाषण पुरे. पाण्याचं काय ते मिटवा." तेव्हा मी पाळी ठरवून दिली. एक दिवस पाणी लक्ष्मणरावांचं, एक दिवस अर्जुनरावांचं. ज्याची पाळी नाही त्यानं मोटेला हात लावायचा नाही. लक्ष्मणरावांनी बराच वेळ हातातल्या तिळगुळाकडं पाहिलं आणि मग तो भावाच्या तळहातावर ठेवला. दोघेही रडले. मीही रडलो. आयुष्यात एक तरी काम धड केलं, असं मला त्या दिवशी वाटलं.

पुढच्या महिन्याची पाकिटं फोडली तर भाव दीडपट. लक्ष्मणरावांचा थोडा कमी, अर्जुनरावांचा थोडा जास्त. त्याच्या पुढच्या महिन्यात नेमकं उलटं. मॅनेजर साहेबांनी मला बोलावलं. "भात झोडून झालं, मावळात पेंढ्याच्या गंजी लागल्यात, आणि पेंढा महागला?" मी त्यांना बाजाराच्या एकंदर परिस्थितीबद्दल सांगू लागलो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि पाडव्यापर्यंत भाव उतरला नाही तर या टेबलावर दुसरा माणूस बसेल, असं शांतपणे सांगितलं.

घरी कुसुमला दिवस गेलेले. मी घाबरलो आणि घाबरलेला माणूस करतो ते केलं, खोटं बोललो. लक्ष्मणरावांना बाजूला घेऊन म्हणालो, "अर्जुनराव या खेपेला निम्म्यात द्यायला तयार आहेत."

वाटलं, आता पेटतील. ते म्हणाले, "मंग त्यालाच द्या की. या म्हयन्याला पाळी त्याचीच हाय."

"कसली पाळी?"

"पेंढ्याची. एक म्हयना त्याचा, एक माझा. भांडान न्हाई, तंटा न्हाई. भाऊसाहेब, तुमीच तर घालून दिली."

कंपनीला लुटायची रीत कंपनीच्याच कारकुनानं शिकवली होती, वर तिळगूळही वाटला होता. आता पाळी मोडावी तर दोघे पुन्हा बांधाच्या दोन बाजूंना जाणार, आणि न मोडावी तर मी बायकोसह रस्त्यावर.

त्या दोघांनाच भाव विचारायचा हा नियम तरी कुणाचा? माझाच. तिसऱ्या गावापर्यंत सायकल हाणायचा मला कंटाळा होता, त्यालाच मी कंपनीची पद्धत म्हणत होतो. मग आठवडाभर मी देहूपासून तळेगावापर्यंत सायकल हाणली आणि पारापारावर सांगितलं, पाकीट नको, ओळख नको, गाडी घेऊन या, पेंढा पाहून फाटकातच भाव ठरेल.

पाडव्याच्या आदल्या सोमवारी फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागली. पुढच्या गाड्यांचा भाव जुन्या भावावर आला होता. माझी नोकरी वाचली हे मला तिथंच कळलं, पण जीव भांड्यात पडेना, कारण रांगेत लक्ष्मणराव होते आणि त्यांच्या मागं अर्जुनराव.

लक्ष्मणरावांनी बैलांवर थाप मारली, मला रामराम घातला. "आता पाळी न्हाई म्हना."

"नाही. जो चांगला आणि स्वस्त देईल त्याचा घ्यायचा."

त्यांनी भाव सांगितला. मागून अर्जुनरावांनी त्याहून कमी सांगितला. लक्ष्मणराव वळले आणि अर्जुनरावांकडं बघत राहिले. मी केलेलं एकमेव धड काम माझ्याच फाटकात मोडत होतं.

मग त्यांनी आपली गाडी बाजूला घेतली. "अर्जुना, व्हय म्होरं. बिगीनं रिकामी कर आन् घर गाठ. आज पान्याची पाळी तुझी हाय, कांदा वाळंल."

मी तोंड फिरवून बैलांकडं पाहत उभा राहिलो.