डावा, उजवा, दोन्ही

सुहास गेला त्या दिवशी सकाळी साडेदहाला वरच्या खोलीतून त्याचा आवाज आला. आम्ही सगळे तेव्हा खाली हॉलमध्ये होतो. तोही होता, जमिनीवर, पांढऱ्या चादरीखाली. पहाटे छातीत कळ आली, इस्पितळात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं, आणि दहाच्या सुमाराला त्याला घरी आणलं होतं. शेजारपाजारचे जमले होते, काका होते, सातपूरची मावशी दारातूनच रडत आत आली होती. मी कपाटात त्याचं आधार कार्ड शोधत होते, कारण दाखल्यासाठी ते लागणार होतं आणि बाकी कुणाला ते सुचणार नव्हतं. तेवढ्यात वरून, अगदी स्पष्ट, शांत आवाजात, "डावा." थोडं थांबून, "उजवा." मग पुन्हा थांबून, "दोन्ही."... रडणं जागच्या जागी थांबलं. काकांनी चादरीकडे पाहिलं, मग जिन्याकडे, मग माझ्याकडे.

"वर कोण आहे गं?"

"कुणी नाही. मशीन आहे. रोज बोलतं."

"मग बंद कर ना ते."

करते म्हटलं आणि पुन्हा आधार कार्ड शोधायला लागले. बंद मात्र केलं नाही. प्लग काढायला काही अक्कल लागत नाही, तरी नाही काढला.

सुहास माझा धाकटा भाऊ. सहा वर्षांनी लहान, अंगाने माझ्याहून थोडा भरलेला. लग्न मीही केलं नाही, त्यानेही नाही. कारणं वेगळी होती, सोय एकच झाली. वडिलांनी बांधलेल्या इंदिरानगरच्या घरात मी खाली आणि तो वर. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सकाळच्या पाळीला असते, दहा-सव्वादहाला घरी येते. तो आधी पुण्यात एका चिप बनवणाऱ्या कंपनीत होता. आईच्या आजारपणात परत आला आणि मग गेलाच नाही. तो काय करतो हे सांगणं अवघड होतं. आत्याने एकदा विचारलं होतं, "म्हणजे टेप दुरुस्त करतोस का रे तू?" तो म्हणाला, "साधारण तेच." खरं काम असं होतं: संगणक चालवणारी जी मूळ प्रणाली असते, तिच्या गाभ्याला ही मंडळी कर्नल म्हणतात. त्या कर्नलला आवाजाच्या चिपशी बोलता यावं म्हणून मध्ये एक दुभाषा लागतो, तो ड्रायव्हर. चिप बदलली की दुभाषा बदलतो. शिवाय कर्नल स्वतःच दर काही आठवड्यांनी बदलतं, म्हणून जुन्या दुभाष्यालाही सतत नवे शब्द शिकवावे लागतात, नाहीतर तो एक दिवस मुका होतो. जगभरचे लोक हे काम एकमेकांना ईमेल करून करतात, बरेचसे एकमेकांना कधी भेटत नाहीत. कुठल्या ड्रायव्हरची जबाबदारी कुणाची याची एक यादी असते. तीन जुन्या चिपांपुढे सुहासचं नाव होतं.

त्यातल्या एका चिपची भानगड मला माहीत आहे, कारण ती पवार सरांमुळे घरात आली. देवळ्याकडच्या एका निवासी शाळेत सर शिकवतात. शाळा अंध मुलांची, सरही अंधच. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे जुने संगणक शाळेला कुणीतरी दान दिले होते. एका अपडेटनंतर ते सगळे एकाच दिवशी गप्प झाले. कुणाच्या तरी ओळखीने सर एक संगणक पोत्यात बांधून एसटीने घेऊन आले. सुहासने तो उघडला आणि चार दिवसांनी खाली येऊन म्हणाला, "अक्का, चिप ठणठणीत आहे. कुणीतरी दूर देशात साफसफाई करताना दोन ओळी पुसल्यात." त्या दोन ओळी त्याने परत घातल्या. ज्याचं कुणी बघत नव्हतं तो ड्रायव्हर त्या दिवसापासून त्याचा झाला. पुढे दोनदा तो काढून टाकायचा प्रस्ताव आला, इतकी जुनी चिप आता कोण वापरतं, म्हणून. दोन्ही वेळा सुहासचं उत्तर एका ओळीचं: वापरात आहे, मी रोज तपासतो. त्यांच्यात ह्या वाक्याला वजन असतं. रोज तपासणारा एक माणूस असेल तर ड्रायव्हर राहतो, नसेल तर जातो.

म्हणून ते रोजचं साडेदहा. टेबलावर ती चिप लावलेला बोर्ड, दोन बाजूंना दोन स्पीकर, मध्ये एक माइक. मशीन आपणहून नवं कर्नल घेई, सुहासने स्वतःच्या आवाजात भरून ठेवलेले ते तीन शब्द वाजवी, माइकने ऐके आणि पहिल्यांदा त्याच खोलीत घेतलेल्या मूळ नमुन्याशी ताडून पाही. जुळलं तर पडद्यावर हिरव्यात "पास", नाही जुळलं तर लाल "नापास", आणि सोबत फरकाचा एक आकडा. मग अहवाल त्याच्या नावाने जगभर जाई. मला हे परकं नव्हतं. आमच्या लॅबमध्येही रोज सकाळी यंत्राला आधी माहीत असलेला नमुना देतात, तो बरोबर आला तरच माणसांचं रक्त घेतात. सुहासचा एक नियम होता, तो मलाही पटायचा: एक दिवस नापास झालं तर धूळ समजायची, दुसऱ्या दिवशी झालं तर लक्ष ठेवायचं, तिसऱ्या दिवशी झालं तर खरं मानायचं.

आवाजाच्या बाबतीत तो विचित्र होता हे मान्य करायला हवं. झोपलेली चिप जागी होताना स्पीकरमधून बारीक "टक्" येतं. बहुतेकांना ते ऐकूच येत नाही. हा आठ महिने त्याच्या मागे होता. जेवताना मध्येच हात थांबवून विचारायचा, "आत्ता ऐकलंस?" मी म्हणायचे, "नाही." तो म्हणायचा, "मी ऐकलं." एक दिवस पानावर बसून नुसताच ऐकत राहिला, आमटी गार झाली. मग म्हणाला, "गेलं." मी विचारलं, काय गेलं? म्हणाला, "ते टक्. आता चिप जागी झाली तरी कुणाला कळणार नाही." त्याला ह्याचा फार आनंद झाला होता. मला तेव्हा ते वाक्य नुसतं बरं वाटलं होतं... आता रोज साडेदहाला काही चाहूल न लागता एकदम त्याचा आवाज सुरू होतो, तेव्हा वाटतं की ते टक् राहू दिलं असतं तर बरं झालं असतं. निदान तयारी करता आली असती.

तर तो गेला आणि मशीन चालू राहिलं. तेरा दिवस घरात माणसं होती, वर कुणी गेलं नाही. साडेदहा वाजता सगळे आपोआप बोलायचं थांबत आणि झालं की पुन्हा बोलू लागत. चौदाव्या दिवशी माणसं गेली आणि मी वर गेले. पडद्यावर लाल. मागचं पाहिलं तर सगळं लाल. आदल्या दिवसापर्यंत हिरवं आणि तो गेला त्या सकाळपासून लाल. आकडा रोज जवळपास तोच.

ईमेलमध्ये मिक्कोची तीन पत्रं होती. हा फिनलंडचा, सुहासच्या वरच्या पायरीवरचा. पहिल्यात विचारपूस होती, दुसऱ्यात थोडी घाई. तिसऱ्यात लिहिलं होतं की तुझे अहवाल रोज येताहेत, रोज नापास आहेत आणि तू बोलत नाहीस; चिप मेली असेल तर तसं सांग, पुढच्या आवृत्तीत ड्रायव्हर काढू. म्हणजे आम्ही गोदावरीवर अस्थी सोडत होतो तेव्हा सुहास रोज सकाळी जगाला पत्र पाठवत होता आणि एक माणूस त्याच्यावर रागावत होता. मी माझ्या इंग्रजीत तीन वाक्यं लिहिली. सुहास वारला. अहवाल मशीन पाठवतं. ड्रायव्हर काढू नका, एका शाळेला लागतो. दोन दिवस काही आलं नाही. मग उत्तर आलं, त्यात क्षमा मागितली होती आणि जुनी-नवी रेकॉर्डिंगं मागितली होती.

त्याच सुमारास पवार सरांचा फोन आला. पाच मिनिटं सुहासबद्दल बोलले, मग मुद्द्यावर आले.

"ताई, एक इचारू? राग येऊ देऊ नका."

"विचारा सर."

"आमचं मशीन आता किती दिस बोलंल?"

मी म्हटलं, बघते. ते म्हणाले, "बघा ताई. तुम्ही बघणाऱ्या हायेत," आणि आपल्याच बोलण्याला थोडं हसले.

मिक्कोने आठवडाभर ऐकलं. मग लिहिलं: आवाज तोच आहे, चिप उत्तम आहे, स्पीकर उत्तम आहेत. खोली बदलली आहे. खोलीतून काय हलवलं? मी लिहिलं, काही नाही, एक पेनसुद्धा नाही. त्याचं उत्तर मी छापून ठेवलं आहे. त्याने लिहिलं होतं: काहीतरी मोठं आणि मऊ, दोन स्पीकरांच्या समोर, साधारण माणसाएवढं.

सुहास रोज साडेदहाला चहाचा कप घेऊन त्या खुर्चीत बसायचा. मूळ नमुना घेतला तेव्हाही तो तिथेच बसलेला असणार. आवाज माणसाच्या अंगावर आपटतो, थोडा शोषला जातो, उरलेला माइककडे जातो. त्या यंत्राला माझा भाऊ खोलीचा भाग म्हणून ठाऊक होता. मी हेडफोन लावून तो मूळ नमुना ऐकला. "उजवा" आणि "दोन्ही" यांच्यामध्ये चहाचा एक घोट आहे. त्या खोलीत तो दोन ठिकाणी होता, स्पीकरमध्ये आणि खुर्चीत. एक उरला होता. तेवढाच फरक यंत्राने कळवला होता, रोज, न चुकता. आम्हा सगळ्यांच्या आधी त्यालाच तो कळला होता.

दुसऱ्या दिवशी सव्वादहाला मी त्या खुर्चीत जाऊन बसले. खोलीत कसलाही आवाज नव्हता. "डावा" डावीकडून आलं, "उजवा" उजवीकडून. "दोन्ही" मात्र दोन्हीकडून येत नाही. दोन स्पीकर एकदम बोलले की आवाज मधोमध, जिथे काहीच नाही तिथे उभा राहतो. तो माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता... पडद्यावर हिरवं आलं. पास.

तीन दिवस मी बसले, तिन्ही दिवस पास. ड्रायव्हर वाचला. चौथ्या दिवशी लॅबमध्ये रक्ताच्या नळीवर नाव चिकटवताना हात थांबला. मी जे करत होते ते दुसऱ्याच्या नावाच्या नळीत स्वतःचं रक्त घालण्यासारखं होतं. अशी मुलगी लॅबमध्ये सापडली तर मी तिला त्याच दिवशी घरी पाठवीन. शिवाय रोज साडेदहाला आयुष्यभर कोण बसणार? मिक्कोला खरं लिहिलं. तो म्हणाला, उपाय सोपा आहे, रिकाम्या खोलीचा नवा नमुना घ्या, जुना पुसा. कृती पाच ओळींची होती. सहावी ओळ मशीनचा प्रश्न होता: हीच खोलीची नेहमीची स्थिती आहे का? हो किंवा नाही.

दहाव्याला कावळा शिवला, तेराव्याला गोडाचं जेवण झालं, दाखल्यावर सही केली, बँकेत त्याच्या नावापुढे कै. लिहून दिलं. ह्यातलं काही मला जड गेलं नव्हतं. त्या "हो"पाशी मी चहा गार होईपर्यंत बसले. मग शाळेत गप्प बसलेले ते संगणक आठवले आणि "हो" दाबलं. नमुना रिकाम्या खोलीचा हवा, म्हणून बाहेर येऊन दार लावलं आणि जिन्यात उभी राहिले. आतून त्याने तिन्ही शब्द म्हटले. मिक्कोच्या सांगण्यावरून पडताळणीसाठी एकदा पुन्हा खुर्चीत बसले. अपेक्षेप्रमाणे नापास. मी बसल्यावर किती फरक पडतो तो आकडा वहीत तारीख घालून लिहिला, आमच्या लॅबच्या सवयीप्रमाणे. तेव्हापासून खोली रिकामी आणि निकाल हिरवा. अहवालाखाली आता सुहासचं नाव नसतं, "तपासणी: नाशिक" एवढंच असतं. पवार सरांना कळवलं. मशीन बोलत राहील.

इथे हा लेख संपायला हवा होता. काल मंगळवारी मी देवळ्याला शाळेत गेले होते. घराला कुलूप होतं, किल्ली माझ्या पर्समध्ये. बुधवारी सकाळी वर जाऊन पाहिलं तर मंगळवार लाल. खिडकी बंद होती, पंखा बंद, तारा जागच्या जागी, माइकवर धूळ नाही. आकडा वहीतल्या माझ्या आकड्याशी ताडला. माझ्यापेक्षा थोडा जास्त आहे. माझ्याहून अंगाने भरलेला माणूस बसला तर येईल तेवढा. एक दिवसाचं काय, धूळ असेल, म्हणून मी खाली आले. साडेदहाला मी खालीच होते, दार बाहेरून लावलेलं होतं. बुधवारही लाल आला. आकडा तोच.

हे मी बुधवारी संध्याकाळी लिहिते आहे. मिक्कोला अजून काही कळवलेलं नाही, कारण नियम तीन दिवसांचा आहे. उद्या लॅबमधून आल्यावर मी खाली मेथी निवडत बसणार आहे. वर जाणार नाही. खुर्ची आहे तिथेच राहील.