उसना मी

चूक माझी. आधीच कबूल केलेलं बरं. आमच्या मामांना ते कधी जमलं नाही.

कचेरीच्या व्हरांड्यात मामा बत्तीस वर्षं लोकांची प्रतिज्ञापत्रं टाइप करतात. "मी, खाली सही करणार..." ही सुरुवात हजारो वेळा केली असेल, पण दर वेळी 'मी' दुसऱ्याचा. यंदा व्हरांड्यातली जागा टिकवायची तर टायपिस्टांनी स्वतःचं प्रतिज्ञापत्र द्यायचं होतं. शेवटचा दिवस, पाच वाजेपर्यंत. मामांच्या हाताखाली टायपिंग करणारा मी; सकाळच्या पक्षकाराचा मजकूर समोर ठेवला, नाव-पत्ता तेवढा बदलला. मामा चष्मा घरी विसरलेले. न वाचताच त्यांनी सही ठोकली.

साडेचारला खिडकीतल्या बाईंनी मोठ्यांदा वाचलं, "मी सात वर्षांपासून पत्नीपासून वेगळा राहतो."

मामांनी सवयीनं मान डोलावली. चष्मा घेऊन आलेल्या मामी शेजारीच उभ्या.

"अगंबाई! मग रोज माझ्या भाजीला नावं कोण ठेवतं?"

बाई हसल्या नाहीत. "पाचच्या आत दुसरं आणा. नाहीतर उद्या टेबल उचला."

मामा पहिल्यांदाच पक्षकाराच्या स्टुलावर बसले. यंत्रावर मी. "सांगा."

"मी..." म्हणाले, आणि थांबले.

मामा नंतर सांगत होते, तहान लागलीय हे कळत होतं. गुडघा ठणकतोय तेही. पण कळतंय ते कुणाला, तोच सापडेना. आत डोकावावं तर जमीनवाले, घटस्फोटवाले, नाव बदलणारे दाटीवाटीनं बसलेले. आणि त्यांच्याकडे बघणारा कुणी एक, गप्प. त्याला ना नाव, ना पत्ता. त्याचं वय काय लिहायचं?

"मामा, बाराच मिनिटं राहिली!"

मामांनी गुडघा चोळला. "अरे, पण कुणाच्या वतीनं सांगू?"

"गुडघा कुणाचा दुखतोय? माझा?" मामी कडाडल्या.

मामा दचकले. मग डोळे मिटून सांगत सुटले, "मी इथे बसतो. बत्तीस वर्षं बसतोय. गुडघा दुखतो, तरी बसतो. लोक सांगतात ते ऐकतो. घरी जातो, तिथे पत्नी असते. हे मी स्वतः पाहिलेलं आहे."

पाचला दोन मिनिटं असताना शिक्का पडला. शेवटच्या वाक्याला बाईंची भुवई वर गेली, तेवढंच.

परतताना मामी म्हणाल्या, "चष्मा नव्हता, मान्य. पण बाई वाचत होत्या तेव्हा मान कशाला डोलावत होतात?"

त्या उत्तराची उधारी मामांकडे अजून आहे.