शेवंताबाईंना दिलेला कूलर

कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला की आजही मला तो दिवस आठवतो.

मी सहावीत होते. बाबांची यवतमाळहून नागपूरला बदली झाली होती. नको असलेलं सामान आईने आमच्याकडे भांडी घासणाऱ्या शेवंताबाईंना दिलं. त्यात जुना लोखंडी कूलरही होता. तो घेऊन त्या सकाळीच तांड्यावरच्या आपल्या घरी गेल्या.

दुपारी आमचा ट्रक कळंबपर्यंत पोचला आणि बाबा एकदम म्हणाले, "कूलरले करंट येते, हे तू सांगतलं ना तिले?"

आईचा चेहरा पांढरा पडला. "मले वाटलं, तुमीच सांगतलं."

ट्रक मागे वळला. आईने माझा हात इतका घट्ट धरला होता, की बांगड्या रुतत होत्या. माझ्या डोळ्यांसमोर शेवंताबाईंची लहानगी मुलगी पायल येत होती.

तांड्यावर पोचलो तेव्हा कूलर सुरू होता आणि शेवंताबाई बादली घेऊन त्यात पाणी भरायला वाकल्या होत्या.

"हात नोका लावू!" बाबा ओरडले आणि धावत जाऊन त्यांनी पिन उपसली.

शेवंताबाई दचकून कूलरपुढे आडव्या उभ्या राहिल्या. "काहून साहेब? वापस पाह्यजे काय?"

बाबांनी कूलर ट्रकमध्ये चढवला आणि आमचा नवा टेबलफॅन उतरवून त्यांच्या हातात दिला.

तेव्हा मला फक्त करंटची भीती कळली होती. शेवंताबाईंची भीती आता कळते. आमचा ट्रक दिसेनासा होईपर्यंत त्यांनी तो पंखा छातीशी धरून ठेवला होता.