पुस्तकामागचा फोटो

सकाळपासून शेजाऱ्यांच्या दाराला रंग देणं चाललंय, आणि टर्पेंटाइनच्या त्या वासानं मला दिल्लीतल्या मयूर विहारमधला आमचा रविवारचा मराठीचा वर्ग आठवला. तेव्हा मी दहा वर्षांची होते. बाईंनी एका लेखिकेचं तैलचित्र फळ्याला टेकवून ठेवलं होतं, नवंकोरं, अजून रंगाचा वास येणारं. शेजारी तिचंच पुस्तक होतं, मागचा फोटो दिसेल असं. "काय फरक दिसतो?" बाईंनी विचारलं. "पेंटिंग जास्त सुंदर आहे," एक मुलगा म्हणाला, "फोटोत चेहऱ्यावर खड्डे आहेत, यार." "देवीचे व्रण आहेत ते. चित्रकारानं झाकले," बाई म्हणाल्या. माझ्या गालावर कोडाचा पांढरा डाग होता आणि मी नेहमी त्यावर तळहात ठेवून बसायचे. तशीच बसून मी विचारलं, "मग त्यांना स्वतःला कुठला चेहरा आवडायचा?" "पुस्तकावरचा फोटो त्यांनीच निवडला होता," असं म्हणून बाईंनी ते माझ्यापुढे धरलं. पुस्तक चांगलंच जाड होतं, दोन्ही हातांनी घ्यावं लागलं. तास संपेपर्यंत मी ते परत दिलं नाही. परवा ऑफिसच्या ओळखपत्रासाठी फोटो काढला, तेव्हा फोटोवाल्यानं विचारलं, "मॅडम, ये दाग हटा दूँ?" मी म्हणाले, "रहने दो, भैया. मेरा ही है."