सेट ऐकतोय, पण बोलत नाही

गळिताच्या हंगामात शिवारात जेवढं पाचट साठतं, तेवढे माझ्या खोलीत किस्से साठतात. फरक इतकाच की पाचट पेटवता येतं आणि किस्से गिळावे लागतात.

फौजेत सिग्नलला सतरा वर्षं काढून मी सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात लागलो. काम एकच, तीस वॉकीटॉकी सांभाळायचे. हंगामाआधी मी प्रत्येक सेट स्वतः उघडतो, तपासतो, पुसतो. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. तरी रोज तक्रार तीच: "हवालदार, सेट ऐकतोय, पण बोलत न्हाई." सांगणाऱ्याचा चेहरा असा, जणू मीच सेटची जीभ कापून खिशात ठेवलीय!

आणि हा पोरखेळ नाही. गव्हाण म्हणजे ऊस गाळायला नेणारा मोठा पट्टा. त्यात मोळ्या अडकल्या की पट्टा थांबवून गव्हाणीवरचा सर्जेराव खाली उतरतो. वरच्या केबिनमधून पट्टा चालवणाऱ्या ऑपरेटरला तो दिसत नाही. मी अजून खाली आहे, हे सांगायला त्याच्याकडं फक्त सेट. तो बोलला नाही तर काय होईल, या विचारानं माझं डोकं कायम तापलेलं असतं.

*

गेटवरच्या निवृत्तीअण्णांचा सेट बोलेना. गेलो. अण्णांनी घरच्या मशीनवर त्याला रेक्झिनचं कव्हर शिवून घेतलं होतं, चारी बाजूंनी बंद. वर फक्त एरियल. बटणही आत आणि माइकही आत.

"अण्णा, हे काय केलंत?"

"आवं, धूळ जाती आत."

"आता तुमचा आवाजही जात नाही."

अण्णा शांतपणे म्हणाले, "पर सेट कसा नवाकोरा हाय, बघा की."

*

केनयार्डातले बापू उसाच्या गाड्यांना नंबर देतात. त्यांची तक्रार वेगळी. "मी बोलतोय, पर पलीकडनं कुणी उत्तरच देत न्हाई."

मी शेजारी उभा राहिलो. बापूंनी बटण दाबलं, गाडीचा नंबर सांगितला आणि बटण दाबूनच उत्तराची वाट बघत बसले.

"बापू, बटण सोडल्याशिवाय ऐकू येत नाही."

"सोडलं तर त्यानं फोन ठेवला तर रं?"

*

याच बापूंनी एका दुपारी सगळा कारखाना गप्प केला. कुणाचाच सेट बोलेना. साहेबांनी मला बोलावून चार लोकांसमोर सुनावलं, "पगार कशाचा घेता?" तेवढ्यात त्यांच्या टेबलावरच्या सेटमधून घोरण्याचा आवाज आला. चांगला दमदार.

एकानं बटण दाबून ठेवलं की बाकी सगळे अडतात. मी यार्डात गेलो. बापू पोत्यांवर झोपलेले, सेट कुशीखाली. उठवलं.

डोळे चोळत मलाच म्हणाले, "कवापासनं बघतोय, सेटवर चिटपाखरू बोलंना. म्हटलं बंद हाय, घ्यावी एक डुलकी."

*

खुद्द साहेबांचं ऐका. त्यांचा सेट तिसऱ्यांदा जळून आला. एरियल नसताना बोललं की सेट आतून भाजतो, हे मी त्यांना दोनदा समजावलं होतं. एरियल कुठंय विचारलं, तर ते ड्रॉवरमध्ये.

"खिशात टोचतं हो," साहेब म्हणाले. "आणि मोबाइलला कुठं असतं?"

शिकलेला माणूस.

*

शेवटी सगळ्यांना उन्हात उभं करून कवायतच घेतली. बटण दाबा, क्षणभर थांबा, बोला, सोडा. आवाज जात नसेल तर तीनदा दाबून सोडा. पलीकडं दिवा लागतो, 'खट' एवढं तरी कळतं.

बापू हसले, "गड्या, ही काय नाडीपरीक्षा हाय व्हय?" सगळे हसले. एकटा सर्जेराव न हसता बटण दाबून बघत होता.

*

यंदा हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात गव्हाण अडकली. सर्जेराव उतरला. मी केबिनमध्येच होतो. बराच वेळ झाला. ऑपरेटरनं सेटवर विचारलं, "सर्जेराव, आलास का वर?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नाही.

"गेला असंल च्याला," म्हणत ऑपरेटरनं पट्ट्याच्या बटणाकडं हात नेला. तेवढ्यात सेटचा दिवा लागला. आवाज काहीच नाही. खट. खट. खट.

मी त्याचा हात धरला. एवढ्या जोरात की अजून तो मनगट चोळून दाखवतो.

पाच मिनिटांनी सर्जेराव वर आला, उसाच्या पाचटानं भरलेला, ओठ पांढरे पडलेले. मी त्याच्या हातातून सेट ओढून घेतला. माइकचं भोक हळदी-कुंकवानं गच्च बुजलेलं. वाळून दगड झालेलं.

बापू, अण्णा, साहेब, सगळे जमले होते. सगळ्यांसमोर मी ओरडलो, "कुठल्या गाढवानं केलं हे? नाव सांग. आजच्या आज कामावरून काढायला लावतो त्याला!"

सर्जेराव खाली बसला. अण्णांनी दिलेलं पाणी प्याला. मग हळूच म्हणाला,

"आवं हवालदार, खंडेनवमीला तीसबी सेट तुमच्याच टेबलावर हुते. 'हत्याराची पूजा मीच करणार, कुनी हात लावायचा न्हाई,' म्हनला न्हवं तुमी?"